आधी घरच्या बाईला विचारा

माहितीपटकार आनंद पटवर्धन यांना कामरगावहून खुलं पत्र

पटवर्धन सर,



हे पत्र तुमच्या ‘जय भीम कॉम्रेड’बद्दल आहे. चित्रपट २०११ चा, आणि पत्र एवढ्या उशिरा, कारण आमच्याकडे चित्रपट उशिरा पोचतात. असले तर फारच उशिरा. कामरगाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात येतं. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोल्याचे. काळी जमीन, सोयाबीन, तूर, कपाशी. तुमचा चित्रपट आम्ही विहारात पांढरी चादर ताणून पाहिला. सव्वातीन तासांचा चित्रपट. मध्येच बाया उठल्या, चुलीवरचं बघून, लेकरांना जेवू घालून परत आल्या आणि शेजारणीला विचारून पुढचं पाहू लागल्या. तरुण पोरं मोबाइलमध्ये होती, गाणं सुरू झालं की तेवढी मान वर करायची. म्हाताऱ्यांनी मात्र जागा सोडली नाही.

तुमच्या चित्रपटांवर शिकलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. त्यात भर घालायची माझी पोच नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे: चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसाचं चित्र काढायचं असेल तर कॅमेरा कुठे ठेवावा? या विषयातला माझा अधिकार एवढाच, की मी अशा एका माणसाची मुलगी आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. वस्ती रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसं गेली. जमाव टँकर पेटवायला निघाला होता, असं पोलिसांचं म्हणणं. तुम्ही टँकर कुठे उभा होता आणि गोळ्या कुठे लागल्या, हे चित्रणातून दाखवलंत आणि ते म्हणणं ढासळलं. गुंडेवार आयोगानेही गोळीबार समर्थनीय नव्हता असाच निष्कर्ष काढला. तुकडीच्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पुढे उच्च न्यायालयातून जामीन झाला. हे सगळं नोंदीत आहे.

त्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. ते तुमचे मित्र. तुमच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचा आवाज आहे, ते गाताना दिसतात. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसाने शेवटच्या दिवशी डोक्याला निळं कापड बांधलं होतं. भिंतीवर खडूने शहिदांना अभिवादन लिहिलं होतं. तिथून तुमचा चित्रपट सुरू होतो आणि तो पुरा व्हायला चौदा वर्षं लागली.

आता माझं मत सांगते. या चित्रपटातलं सगळ्यात धाडसाचं काम टँकरचं नाही. सरकारविरुद्ध पुरावा मांडणं तुम्ही आधीही केलं होतं, ते तुमच्या हातातलंच काम. धाडस आहे ते विलास घोगरेंच्या स्वतःच्या माणसांकडे कॅमेरा वळवण्यात. ज्या आव्हान नाट्य मंचात ते गायचे, त्याच मंचातून त्यांना काढलं गेलं होतं. हे तुम्ही झाकलं नाही. त्यांचे जुने साथीदार बोलतात, अडखळतात, आणि अडखळलेलं तुम्ही कापून टाकलं नाही. डाव्या संघटनेत जात हा विषय निघाला की खोलीत जी शांतता पसरते, ती आमच्या घरच्या माणसांनी फार वेळा अनुभवली आहे. कामगार म्हणून तुम्ही आमचे, पण जयभीम म्हणालात की संकुचित. विलास घोगरे हे ओझं घेऊन किती वर्षं गात राहिले असतील, याचा अंदाज चित्रपट पाहताना येतो. ते का गेले, याचं एक उत्तर तुम्ही दिलं नाही, हे बरं केलंत. गोळीबार, दारिद्र्य, तुटलेली संघटना, एकटेपण, सगळं समोर ठेवून तुम्ही बाजूला झालात.

म्हणून तर पुढची तक्रार करायला धीर होतो.

‘हमारा शहर’ मी नंतर पाहिला. त्यात एक बाई आहे. तिची झोपडी पाडलेली आहे आणि समोर कॅमेरा उभा आहे. ती तुमच्यावरच उखडते. फोटो काढून नेता, नाव कमावता, आमचं काय करणार, असा तिच्या बोलण्याचा रोख. तुम्ही ते चित्रपटात ठेवलंत, याबद्दल तुमचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. पण सर, त्याच चित्रपटात विलास घोगरेही आहेत आणि त्यांच्याकडून आपल्याला गाणं मिळतं. फक्त गाणं. त्यांच्या चुलीवर काय शिजतं, त्यांची बायको कोणाच्या घरी राबते, पोरगा शाळेत जातो की नाही, हे तेव्हा आपल्याला दिसलं नाही. ते दिसलं बारा वर्षांनी, ते गेल्यावर. त्यांच्या घराकडे कॅमेरा शोध घेत आला, आणि तोवर माणूस गेलेला.

याच्याशेजारी तुमचा ‘वसुधैव कुटुंबकम्’ ठेवून बघा. त्यात तुमचे आईवडील आहेत, त्यांचं वय होत चाललंय. आई मातीकाम करणारी, हसरी, वडिलांची फिरकी घेणारी. काका अच्युतराव आणि राऊ पटवर्धन स्वातंत्र्यलढ्यातले, अच्युतराव १९४२ मध्ये भूमिगत राहून लढलेले. त्या लढ्याच्या गोष्टी तुम्ही भाषणांतून सांगितल्या नाहीत. जेवणाच्या टेबलावरून, जुन्या फोटोंवरून, विसरभोळ्या आठवणींवरून सांगितल्या. तो चित्रपट पाहून मला तुमचा हेवा वाटला. आपल्या घरातल्या लढवय्यांचं इतकं जवळून चित्र कोणाला मिळतं? आमच्यातल्या एकाही कार्यकर्त्याचं मिळालेलं नाही. तुमच्या घरात कॅमेरा होता, आमच्यात नव्हता, ही साधी गोष्ट आहे. तिचा तुम्हाला दोष नाही. पण तुम्हाला तुमच्या आईच्या बाबतीत जे साधलं, ते घोगरे कुटुंबाच्या बाबतीत साधायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि ते मी तुम्हालाच सांगू शकते.

माझ्या घरचं उदाहरण देते.

माझे वडील नामांतराच्या चळवळीतले. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. दलितांची घरं जाळली गेली, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना मारलं गेलं. सरकारने ठराव गुंडाळून ठेवला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात जोगेंद्र कवाडे सरांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँगमार्च काढला. विदर्भातली माणसं वाटेत मिळत गेली, त्यात माझे वडील. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी मार्च अडवला, लाठ्या चालल्या, लोकांना पकडून तुरुंगात नेलं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. म्हणजे सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत आमच्या घरात दर काही महिन्यांनी मोर्चा, बैठक, धरणं, समन्स, तारीख.

वडिलांची एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात वर्गणीच्या पावतीपुस्तकाची अर्धुकं, मोर्च्याची पत्रकं, कोर्टाचे कागद, निळ्या टोपीची घडी, आणि एक ग्रुप फोटो ज्यात ते मागच्या रांगेत अर्धे दिसतात. एखाद्या संशोधकाला ती ट्रंक सोनं वाटेल. वडील होते तेव्हा माझ्या भाच्याने मोबाइलवर त्यांची मुलाखत घेतली. पोरगं कॉलेजात होतं, कुठल्याशा प्रकल्पासाठी हवी होती. वडिलांनी शर्ट बदलला, केस विंचरले, खुर्चीवर ताठ बसले आणि मोबाइल समोर येताच सुरू झाले: बंधूंनो आणि भगिनींनो. वीस मिनिटं सलग. महाड, नाशिक, दीक्षाभूमी, नामांतर, सगळं ओळीने, कुठेही न अडखळता. सभेत केलेलं भाषण त्यांनी आपल्याच ओसरीत नातवासमोर केलं. भाच्याने आभार मानले आणि रेकॉर्डिंग बंद केलं.

तेवढ्यात माय पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “तवा वेचाई चालू होती. हे गेले मोर्च्यात अन् मी लोकायच्या वावरात कापूस वेचत होती. कोणी तरी येऊन सांगतलं का त्याईले पकडलं. म्या म्हटलं, असू द्या, तिथं जेवाले तं भेटीन.”

वडील हसले. पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा आवाज निघाला. मग ते सांगू लागले की पायात दुसऱ्याच्या चपला होत्या, त्या लागायच्या, दोन्ही टाचांना फोड आले होते, आणि पुलावर पळापळ झाली तेव्हा एक चपल तिथेच राहिली. तुरुंगात भाकरीबरोबर काय मिळायचं तेही सांगितलं. एका पोलिसाने बिडी दिली होती, ती गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. आणि मायला ते म्हणाले, तू तेव्हा रागावली नव्हती का? माय म्हणाली, रागावून कोणाले सांगू?

हे काहीच रेकॉर्ड झालं नाही. आता वडील नाहीत. भाच्याच्या मोबाइलात वीस मिनिटांचं भाषण आहे, जे तालुक्यातल्या दहा माणसांना पाठ असेल.

सर, तुम्ही आयुष्यभर कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्यात, म्हणून तुम्हाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. लढवय्या माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतःला दाखवत नाही, तो संघटना दाखवतो. ती त्याची शिस्त असते, कधी कधी ढालही. त्याला घरचं विचारलं की तो समाजाचं सांगतो. त्याच्या तोंडून त्याचं आयुष्य काढायचं तर त्याच्या घरातलं दुसरं माणूस लागतं, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. तिला भाषण येत नाही, म्हणून ती खरं बोलते. आमच्या मायने नामांतराच्या सोळा वर्षांत काय केलं ते मी मोजायला बसले तर पत्र संपणार नाही. निंदण, वेचाई, रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टी फोडणं. वेचाईचे पैसे बाजाराच्या दिवशी मिळायचे आणि नेमके त्याच दिवशी कोणीतरी कार्यकर्ते घरी यायचे, चहासाठी साखर उधार आणावी लागायची. बकरी विकून तारखेचा खर्च निघाला. मी सातवीनंतर एक वर्ष घरी बसले, तेही त्यातच. याचं कोणी पत्रक काढलेलं नाही.

वडिलांवर मी रागावून लिहीत नाहीये. ते गेले नसते तर आज मी हे पत्र लिहिण्याइतकी शिकले नसते, हेही खरं आहे.

तुम्हाला ब्राझीलच्या एदुआर्दो कोटिन्यो यांचा १९८४ चा ‘काब्रा मार्कादो पारा मोरेर’ ठाऊक असेलच. इथल्या वाचकांसाठी सांगते. ब्राझीलच्या ईशान्य भागात जुआंव पेद्रो तेशेरा नावाचा शेतकरी पुढारी होता. १९६२ मध्ये जमीनदारांनी त्याचा खून करवला. कोटिन्यो यांनी त्याच्या आयुष्यावर चित्रपट करायला घेतला, खऱ्या शेतकऱ्यांनाच घेऊन, आणि त्याची विधवा एलिझाबेथ स्वतःचीच भूमिका करत होती. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, चित्रीकरणावर धाड पडली, सामान जप्त झालं, माणसं पांगली. सतरा वर्षांनी कोटिन्यो परत गेले. तेव्हा एलिझाबेथ दुसऱ्याच राज्यातल्या एका छोट्या गावात मार्ता या खोट्या नावाने राहत होती. लोकांचे कपडे धुवायची, गावातल्या पोरांना शिकवायची. अकरा लेकरं होती, त्यातलं एकच जवळ, बाकीची नातेवाइकांकडे पांगलेली. कॅमेरा तिच्यापर्यंत आला आणि ती पुन्हा एलिझाबेथ झाली. मग कोटिन्यो तिच्या पांगलेल्या मुलांकडे एकेक करत गेले. ज्या पुढाऱ्यावर चित्रपट निघाला होता तो चित्रपटात जवळजवळ नाहीच. तरी तो पूर्ण दिसतो, कारण त्याच्या मरणाची किंमत कोणी, कुठे, किती वर्षं फेडली ते दिसतं.

विलास घोगरेंच्या घरातून असा चित्रपट निघू शकला असता. अजूनही निघू शकतो. तो निघावा की नाही, हे त्या घरच्यांनी ठरवायचं.

इथे माझ्याच म्हणण्यात एक अडचण आहे आणि ती लपवणं बरं नाही. जवळून काढलेलं चित्र पोलिसांच्याही कामाचं असतं. तुमच्याच चित्रपटात कबीर कला मंचाची शीतल साठे गाते. तिची आई पुण्याच्या वस्तीतल्या घरात बसून लेकीबद्दल बोलते, आणि माझ्या मते पूर्ण चित्रपटात त्या आईइतकं जिवंत माणूस दुसरं नाही. पण २०११ मध्ये मंचाच्या काही जणांना दहशतवादविरोधी पथकाने पकडलं, त्यांच्यावर नक्षलवादी असल्याचा आरोप आला आणि बाकीचे भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि मंचातलाच तिचा नवरा सचिन माळी विधान भवनासमोर येऊन हजर झाले, तेव्हा शीतल गरोदर होती. तिला जूनमध्ये जामीन मिळाला, सचिनला आणि इतरांना सुप्रीम कोर्टाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. २०२० च्या सप्टेंबरात मंचातल्याच सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने पुन्हा पकडलं. मंचाच्या बचाव समितीत तुम्ही उभे राहिलात, हे आम्ही विसरलेलो नाही. आणि २०२५ च्या जुलैत विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. अशा काळात कोणाच्या घरात कॅमेरा नेऊन, तू कोणाकडे राहायचास, तुला भाकरी कोणी दिली, असं विचारणं म्हणजे त्याच्या गळ्यात दोर देण्यासारखं होऊ शकतं.

म्हणून मी तुम्हाला आजच्या भूमिगत पोरांच्या घरी जा, असं म्हणणार नाही. मी म्हणते ते म्हाताऱ्यांकडे जा. ज्यांच्यावरचे खटले कधीच निकाली निघाले, ज्यांच्या बोलण्याने आता कोणाला धोका नाही, त्यांच्याकडे. नामांतराच्या तुरुंगात गेलेले, दलित पँथरच्या छावण्यांत राहिलेले, दादासाहेब गायकवाडांच्या जमिनीच्या सत्याग्रहात बापाचा हात धरून गेलेले, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून रस्त्यावर बसलेले. वऱ्हाडात प्रत्येक गावात असा एखादा म्हातारा आहे. स्टँडवर बसतो, वर्तमानपत्र वाचतो, पोरं त्याला टाळतात कारण तो बोलायला लागला की थांबत नाही. आणि प्रत्येक अशा म्हाताऱ्यामागे घरात एक म्हातारी आहे, तिला आजवर कोणीच काही विचारलेलं नाही. ही माणसं सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे गेली आहेत. उन्हाळा आला की आमच्याकडे दोन तीन जातात.

हे रेकॉर्ड करायला पैसे नाहीत, असंही नाही. आमच्याकडच्या जयंत्यांना हल्ली डीजे असतो. एप्रिलात वर्गणी लाखांत जमते, गेट उभारतात, लाइटिंग होते. त्यातल्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशांत एक चांगला मोबाइल, एक माइक आणि एक स्टँड येतो. मी हे विहारात बोलले तर पोरं हसली. हसू द्या. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलणार आहे.

आता तुमच्याकडे माझं मागणं. तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही तुमच्या हातातल्या आहेत.

चौदा वर्षं तुम्ही शाहिरांचं, वस्त्यांचं, घरांचं चित्रण केलं. ते सगळं सव्वातीन तासांत मावलेलं नसणार हे उघड आहे. उरलेलं चित्रण, विशेषतः गाणी आणि घरातल्या बायांचं बोलणं, ज्यांचं आहे त्या कुटुंबांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर लोकांसाठी खुलं करा. आमच्या पोरांना एडिटिंग शिकायला त्याहून चांगलं साहित्य कोणतं मिळणार? पूर्ण झालेला चित्रपट बघून कॅमेरा कसा धरावा ते कळत नाही. कुठे कापलं आणि कुठे सोडलं, ते बघून कळतं.

दुसरं, तुम्ही चित्रपट घेऊन कॉलेजांत जाता, परदेशी जाता. एकदा कारंजाला या. तालुक्याचं गाव आहे, अमरावतीहून एसटी आहे. तीन दिवस थांबा. पहिल्या दिवशी चित्रपट दाखवा, पुढचे दोन दिवस पोरांना घेऊन घरोघर फिरा. पोरं येतील, याची जबाबदारी माझी. तुमच्याशी वाद घालणारीही येतील, त्यांना आधीच बोलावून ठेवलंय. एक जण तर म्हणतो, पटवर्धन कोण आमची कथा सांगणारे, आमची कथा आम्हीच सांगू. त्याला मी म्हटलं, सांग ना, कोणी धरलंय? पण त्यालाही कॅमेरा धरायला शिकवणारं कोणी तरी लागेलच.

तिसरं मागणं छोटं आहे, पण मला तेच महत्त्वाचं वाटतं. पोरांना एक नियम शिकवा: कार्यकर्त्याचं भाषण संपलं की कॅमेरा बंद करायचा नाही. पाणी येतं, चहा येतो, बाई दारात उभी राहते. तेव्हा कॅमेरा तिच्याकडे वळवायचा आणि तिला पहिल्यांदा विचारायचं: तुमची हरकत नाही ना? ती नाही म्हणाली तर घरी यायचं. हो म्हणाली तर खाली बसायचं.

आमची माय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. ऐकू कमी येतं, पण नामांतराच्या दिवसांचं विचारलं की बोलते. पावसाळ्याच्या आधी आलात तर चांगलं, नंतर वावरातली कामं सुरू होतात आणि कोणालाच बसायला वेळ नसतो.

आपली,
नामांतराच्या एका कार्यकर्त्याची मुलगी
कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम